गंगाधररावांचे दुखणे

झाशीस बदली होऊन आलेल्या मराठी गृहस्थाकडे वर्षातून दोनतीनदा तरी देशाकडचे पाहुणे उतरतात, आणि त्यांस गाव दाखविण्याचा एक ठराविक क्रम आमच्या मंडळींत पडून गेला आहे. प्रथम किल्ला, तेथे राणीने घोड्यावरून उडी घेतली असे सांगतात ती तटाची जागा, मग राणीमहाल, आणि वेळ उरलाच तर ज्या गणेशमंदिरात १८४२ साली राणीचे लग्न लागले ते मंदिर. लक्ष्मीतलावाच्या काठी गंगाधरराव नेवाळकरांची छत्री आहे, तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. पाहुण्यांचा त्यात दोष नाही. राणीच्या गोष्टीत महाराजांच्या वाट्यास आलेले काम एवढेच, की त्यांनी दत्तक घ्यावा आणि मरावे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कचेरीतील एक सद्गृहस्थ आपल्या पुण्याहून आलेल्या भाच्यास घेऊन निघाले, तेव्हा आम्हीही बरोबर होतो. छत्रीपाशी पोचल्यावर त्या मुलाने सरळ प्रश्न केला, ‘महाराज कशाने वारले?’ आम्ही तत्परतेने उत्तर दिले, ‘पुत्रशोकाने.’ यावर त्याचे मामा, जे एरवी फारसे बोलत नाहीत, हलकेच म्हणाले, ‘संग्रहणीने, असे मी वाचले आहे.’ मुलगा एकदा आमच्याकडे, एकदा मामांकडे पाहू लागला. दोन वडीलधाऱ्यांची दोन उत्तरे; खरे कोणते धरावयाचे? तो प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मागे लागला आहे, आणि प्रस्तुत लेख हा त्याचाच पाठपुरावा होय.

प्रथम निर्विवाद तेवढे सांगतो. गंगाधररावांना १८५१ साली पुत्र झाला आणि तो अवघ्या तीनचार महिन्यांत गेला. १८५३ च्या उत्तरार्धात महाराज पोटाच्या विकाराने अंथरुणास खिळले. २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी आपल्या भाऊबंदांपैकी वासुदेवराव नेवाळकरांचा पाच वर्षांचा मुलगा आनंदराव यास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेविले. त्या प्रसंगी कंपनीचे अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांस मुद्दाम बोलावून घेतले होते. दत्तक मान्य व्हावा आणि पत्नीच्या हयातीत राज्याचा कारभार तिच्याकडे राहावा, अशा आशयाचा खलिता महाराजांनी एलिसच्या हवाली केला, आणि दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, ते निवर्तले.

आता या हकिगतीत आजाराची नावे किती होतात पाहा. वैद्यांच्या दृष्टीने तो अतिसार अथवा संग्रहणी. झाशीच्या लोकांच्या दृष्टीने तो पुत्रशोक. मूल गेल्यापासून महाराजांनी हाय खाल्ली, त्यांचे मन कशात रमेना, शरीर खंगत गेले, ही समजूत चरित्रकारांनी उचलली आणि तीच आपल्या शालेय पुस्तकांतून आपल्यापर्यंत आली. तिसरी एक समजूत याहून जुनी आहे. तीनुसार महाराजांचे डोके आधीपासूनच ठिकाणावर नव्हते. ते लहरी, तापट, नाटकवेडे होते आणि त्यांस स्त्रीवेष धारण करण्याचा नाद होता.

या तिसऱ्या समजुतीचा मोठा आधार म्हणजे विष्णुभट गोडसे वरसईकरांचा ‘माझा प्रवास’. गोडसे भटजी १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीतच अडकले. वेढा, कत्तल आणि लूट यांचे त्यांनी केलेले वर्णन प्रत्यक्षदर्शीचे आहे आणि त्याचे मोल करावे तितके थोडे. परंतु गंगाधरराव बांगड्या भरून स्त्रियांप्रमाणे वागत, इंग्रज अधिकाऱ्याने याविषयी छेडले असता, तुमच्या अमलात सगळ्याच राजांनी बांगड्या भरल्या आहेत अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, ही जी गोष्ट आहे ती भटजींनी पाहिलेली नव्हे. ते झाशीत आले तेव्हा महाराजांस जाऊन चार वर्षे होऊन गेली होती. ऐकलेली गोष्ट त्यांनी पुढे १८८३ च्या सुमारास लिहून काढली, चिंतामणराव वैद्यांनी ती संपादून १९०७ साली छापली, आणि मूळ भाषेतील पाठ वाचकांच्या हाती येण्यास दत्तो वामन पोतदारांची १९६६ ची आवृत्ती यावी लागली. एवढ्या हातांतून आलेल्या गोष्टीवरून कोणाच्या मनाची परीक्षा करणे म्हणजे शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ताप मोजण्यासारखे आहे.

आणि गोष्ट खरी धरली तरी तिने काय सिद्ध होते? आमच्या मते ज्या माणसास असे बोचरे उत्तर सुचते, तो भ्रमिष्ट खास नव्हे. झाशीत नाटकशाळा चालविणारा राजा वेष पालटीत असेल तर त्यास छंद म्हणावे, विटंबना म्हणावे, की परकी सत्तेखाली गुदमरलेल्या मनाने काढलेली पळवाट म्हणावे, हे ज्याच्या त्याच्या दृष्टीवर आहे. याबाबतीत आपल्या देशाचा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आम्हांस फार शहाणा वाटतो. कोणी मनोरुग्ण आहे की नाही हे त्याच्या राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थितीवरून ठरवू नये, आणि आजूबाजूच्या समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक कल्पनांशी त्याचे वर्तन जुळत नाही एवढ्यावरूनही ठरवू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हे कलम गंगाधररावांच्या कामी यावयास १६४ वर्षे उशीर झाला.

राहता राहिले पहिले दोन पक्ष, पोट आणि शोक. सामान्य माणसास वाटते की दोहोंपैकी एक खरा असला की दुसरा आपोआप खोटा पडतो. वस्तुतः येथेच या विषयाची खरी अडचण आहे. उत्साह नाहीसा होणे, अन्नावरची वासना उडणे, वजन घटणे, झोप न लागणे, हातपाय गळून जाणे, कशात लक्ष न लागणे, ही सारी आजचे डॉक्टर ज्यास नैराश्याचा आजार म्हणतात त्याची लक्षणे होत. आणि दीर्घकाळ संग्रहणी भोगणाऱ्या माणसाच्या ठिकाणी यांतील कोणते लक्षण दिसणार नाही? शोकाने अन्न सुटले की अन्न सुटल्याने मन खचले, हे आज समोर बसलेल्या रोग्यावरूनही सांगणे कठीण; पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या रोग्याचे बोलणेच नको. आमच्या प्राचीन वैद्यांनी मात्र या दोहोंत भिंत घातली नव्हती. चरकसंहितेत वाताच्या विकारांच्या यादीत विषाद आहे, आणि रोग वाढविणाऱ्या गोष्टींत चरकाने विषादासच अग्रस्थान दिले आहे. झाशीच्या दरबारी वैद्यास हे ठाऊक नसेल असे संभवत नाही. त्याने महाराजांच्या प्रकृतीची काही टिपणे ठेविलीही असतील. पण गोडसे भटजींनी ज्या ग्रंथसंग्रहाच्या नाशाबद्दल हळहळून लिहिले आहे तो १८५८ च्या एप्रिलात भस्मसात झाला, आणि असलीच तर ती टिपणेही त्याबरोबर गेली.

झाशी ज्यांच्या सुभ्यांपैकी एक होती त्या पेशव्यांच्या घरी याहून प्रसिद्ध असा असाच एक खटला आहे, आणि तो अद्याप निकालात निघालेला नाही. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी, २७ तारखेस, वारले. वय अवघे एकवीस. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात मामला स्वच्छ करून टाकला आहे: नाना फडणिसांच्या कडक बंदोबस्तात कोंडलेल्या तरुणाच्या मनास खोल खिन्नतेने ग्रासले आणि त्याने जाणूनबुजून उडी घेतली. दुसरा पक्ष म्हणतो की पेशव्यांस ताप होता, तापात वात झाला आणि त्या भ्रमात तोल गेला. पहिल्या पक्षात नानांवर ठपका येतो, दुसऱ्यात येत नाही. आणि आम्हांस अशी शंका आहे की गेली दोनशे वर्षे या वादात जो तो निदान करीत आला आहे तो मुख्यतः नानांविषयी आपले मत काय यावरून. श्रीमंतांची नाडी कोणी पाहिलीच नाही. खिन्नता आणि ज्वर एकाच माणसास एकाच आठवड्यात होऊ शकतात, हे तर कोणाच्या ध्यानीही येत नाही.

याच घराण्यातील नानासाहेब पेशवे पानिपतानंतर पाच महिन्यांनी, २३ जून १७६१ रोजी, पर्वतीवर वारले. मुलगा आणि भाऊ गमावलेला तो माणूस झुरून मेला, यावर मात्र सर्वांचे एकमत आहे. त्यास कोणी वेडा म्हटले नाही, की आजारी मनाचा म्हटले नाही. असे का? आमची समजूत अशी की दुःखास पुरेसे मोठे कारण दिसले की आपण त्यास रोग म्हणावयास धजत नाही, आणि कारण दिसले नाही की लगेच माणसास नावे ठेवू लागतो. हा न्याय केवळ पुण्याच्या लोकांचा नव्हे. तो पुढे मोठमोठ्या डॉक्टरांच्या ग्रंथांतही शिरला. पण तेथे पोचण्यापूर्वी थोडे सरकारी कागदांकडे वळले पाहिजे, कारण ते आमचे क्षेत्र आहे.

गंगाधररावांचे दत्तविधान डलहौसीने फेटाळले आणि १८५४ च्या मार्चमध्ये झाशी खालसा झाली. हा नकार महाराजांच्या मनाच्या अवस्थेवरून दिलेला नव्हता. झाशी हे कंपनीने निर्माण केलेले मांडलिक संस्थान, सबब औरस वारस नसल्यास ते सरकारजमा होते, असा त्याचा युक्तिवाद होता. वास्तविक १८१७ च्या तहात वंशपरंपरेचा उल्लेख आहे याकडे खुद्द एलिसने वरिष्ठांचे लक्ष वेधले होते. आम्हांस यात महत्त्वाचे वाटते ते असे. ज्या माणसाविषयी लोक म्हणत की शोकाने त्याची जगण्याची इच्छा संपली आहे, त्याने मृत्यूच्या आदल्या दिवशी वारस निवडला, साक्षीदार बोलाविले, खलिता सिद्ध करविला आणि पत्नीच्या हक्काची तजवीज केली; आणि समोर बसलेल्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी तो शुद्धीवर नाही असे म्हटले नाही. दुःखाने खचलेला माणूस विचार करण्यास असमर्थ असतोच असे नाही, हे येथे सरकारी कागदावर आलेले आहे. आजही कितीएक घरांत नैराश्याच्या रोग्याचे पासबुक आणि सही प्रथम काढून घेतात, म्हणून हे लिहून ठेवावेसे वाटले.

राणीच्या मनाविषयी तर एक अक्षर कोठे नाही. सव्वादोन-अडीच वर्षांच्या आत मूल, पती आणि राज्य अशा तीन गोष्टी गेल्या. तिच्या कारभाराची, घोडेस्वारीची, दानधर्माची वर्णने आहेत. ती वीरांगना ठरली आणि वीरांगनेस खिन्न होण्याची सवड चरित्रकार देत नाहीत.

राणी जून १८५८ मध्ये पडली. त्याच वर्षी कलकत्त्यास वेड्यांसंबंधी तीन कायदे एकामागून एक झाले: १८५८ चे ३४, ३५ आणि ३६ क्रमांकांचे. त्यांतील पहिले दोन प्रामुख्याने वेड्याच्या मालमत्तेची व्यवस्था कोणी पाहावी यासंबंधी, आणि तिसरा त्यास वेड्यांच्या इस्पितळात कसे ठेवावे यासंबंधी. आग्र्याचे इस्पितळ १८५९ साली निघाले. या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत रोग्यांची वर्गवारी असे. उन्माद, खिन्नतेचे वेड, बुद्धिभ्रंश असे रकाने असत, आणि बहुतेक गर्दी उन्मादाच्या रकान्यात. यावरून गोऱ्या डॉक्टरांनी काढलेला निष्कर्ष असा की हिंदी मनुष्यास खिन्नतेचा आजार क्वचितच होतो; त्याचे मन तेवढे विकसितच नाही. आम्ही स्वतः रकाने भरूनच पोट भरतो, त्यामुळे यातील चूक आम्हांस लगेच उमगली. रस्त्यात दंगा करणाऱ्यास पोलीस धरून इस्पितळात नेतात. माजघरात भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसास कोण नेणार? वहीत आले नाही म्हणून जगात नाही, ही कारकुनी चूक खरी, पण ती कारकुनांनी केली नव्हती.

या रोगाचे नावही फार काळ स्थिर राहिलेले नाही. ग्रीकांच्या काळ्या पित्तापासून आलेला शब्द युरोपात दोन हजार वर्षे चालला. क्रेपेलिन या जर्मन मनोवैद्याने १८९९ मध्ये खिन्नता आणि उन्माद यांस एकाच आजाराच्या दोन बाजू मानून त्यांची मोट बांधली. विसाव्या शतकाच्या आरंभी जुना शब्द मागे पडून ‘डिप्रेशन’ रूढ होऊ लागले. १९६० साली इंग्लंडमधील हॅमिल्टन या डॉक्टराने आजाराची तीव्रता मोजण्यासाठी सतरा बाबींचे माप तयार केले. त्यांतील तीन बाबी केवळ झोपेसंबंधी आहेत. तरी डॉक्टरांचे एकमत होईना. न्यूयॉर्क आणि लंडन येथील निदानांची तुलना १९७२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा असे दिसले की ज्या तऱ्हेच्या रोग्यांस लंडनचे डॉक्टर मनःस्थितीचा विकार म्हणत त्यांपैकी कितीतरी जणांस न्यूयॉर्कचे डॉक्टर छिन्नमनस्क ठरवीत. रोगी तसेच, समुद्र ओलांडला की आजार बदले.

यावर उपाय म्हणून अमेरिकन मनोवैद्यांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती नव्या धर्तीवर काढली. तीत या आजाराची लक्षणे क्रमवार दिली. आज ती नऊ मोजतात; त्यांपैकी किमान पाच, सतत दोन आठवडे असावीत, आणि त्यांत खिन्न मन किंवा कशातच गोडी न वाटणे यांपैकी एक तरी असलेच पाहिजे. नियम वाचून आम्हांस आनंद झाला, कारण तो आमच्या रजेच्या नियमांसारखा आहे. मग कारकुनी खोडीने आम्ही हिशेब मांडला. नवांतून पाच किंवा अधिक लक्षणे निवडण्याचे २५६ मार्ग आहेत. त्यांतून मुख्य दोहोंपैकी एकही नसलेले २९ वजा केले म्हणजे उरतात २२७. अर्थात एकच नाव धारण करणारे रोगी २२७ तऱ्हांचे असू शकतात. एकास झोप नाही, अन्न नाही, सारखी अस्वस्थता. दुसरा दिवसभर झोपतो, भरमसाट खातो आणि जागचा हालत नाही. दोघांची नावे एकाच रकान्यात. दोघांत जुळणारे एकच लक्षण असले तरी चालते. त्याच पुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीपूर्वी दोन डॉक्टरांनी एकाच रोग्यास स्वतंत्रपणे तपासून पाहण्याच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांत या आजाराबाबत जुळणीचा आकडा ०.२८ आला. पूर्ण एकमतास १ आणि निव्वळ योगायोगास ० धरले म्हणजे वाचकांस त्याचा अर्थ कळेल.

आता गंगाधररावांचा कागद पुन्हा पुढे घेऊ. १९८० च्या नियमाप्रमाणे आप्ताच्या मृत्यूनंतरचा स्वाभाविक शोक हा आजार नव्हे. म्हणजे महाराज निरोगी. १९९४ च्या आवृत्तीने त्या सवलतीस सर्वसाधारणपणे दोन महिन्यांची मुदत घातली; म्हणजे मूल गेल्यावर दोन महिने महाराज दुःखी, त्यानंतर आजारी. २०१३ साली ती सवलतच काढून टाकली. बापाचे मूल जाऊन दोनच आठवडे झाले असोत, लक्षणे भरली की निदान होऊ शकते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून अमलात आलेली अकरावी रोगसूची सहा महिन्यांवर रेंगाळलेल्या शोकास वेगळेच नाव देते, आणि त्याच वर्षी अमेरिकन पुस्तिकेने तसेच नाव देताना मुदत एक वर्षाची धरली. महाराजांस मूल जाऊन पावणेदोन-दोन वर्षे झाली होती. एकच बाप, एकच पाळणा. सन बदलला की निदान बदलते. आमच्या धर्मशास्त्राने दहाव्या, बाराव्या, तेराव्या दिवसाच्या आणि वर्षश्राद्धाच्या मर्यादा घातल्या, त्यांस कोणी हसू नये. शोक कोठवर करावा हे लिहून ठेवण्याचा मोह सर्वांनाच होतो. शिवाय या मर्यादा अगदीच निरर्थक आहेत असेही आम्ही म्हणणार नाही. सवलत काढून टाकणाऱ्यांचे म्हणणे असे होते की तिच्यामुळे खरोखर बुडत चाललेल्या माणसासही ‘मूल गेले आहे, वाटणारच’ असे म्हणून परत पाठविले जाते. गंगाधररावांविषयी झाशीकर बहुधा हेच म्हणाले असतील.

शब्दांचा घोळ आम्हां परमुलखात राहणाऱ्यांस दुप्पट भोवतो. येथील डॉक्टर हिंदीत ‘अवसाद’ म्हणतात. आपल्याकडे ‘नैराश्य’ म्हणतात. पहिल्यात खाली बसत जाणे आहे, दुसऱ्यात आशा सुटणे आहे. आणि ज्यास हे दुखणे झाले आहे तो दोहोंपैकी काहीच म्हणत नाही. बुंदेलखंडी माणूस म्हणेल ‘जी घबरात है’. आमचा कोकणी म्हणेल ‘मन थाऱ्यावर नाही’. सातारकर म्हणेल ‘अंगात त्राण नाही’. ‘उदासीन’ हा शब्द तर गीतेत भक्ताचे लक्षण म्हणून आलेला आहे! त्याच गीतेच्या पहिल्या अध्यायास विषादयोग म्हणतात, आणि तेथे अर्जुन आपले दुःख सांगताना आधी गात्रे, तोंड, कातडी आणि हात यांच्या तक्रारी सांगतो, मन भ्रमत असल्याचे मागून सांगतो. हिंदी रोगी मनाचे दुःख शरीराच्या भाषेत मांडतो असा शोध पाश्चात्त्य पंडितांनी गेल्या शतकात लावला. त्यांनी कुरुक्षेत्रापासून आरंभ केला असता तर बरे झाले असते. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगत’ संस्थेने मात्र ही गोष्ट ओळखून साध्या प्रशिक्षित माणसांकडून, लोकांच्याच शब्दांत बोलून, नैराश्याच्या रोग्यांस धीर आणि उपचार देता येतात हे दाखवून दिले आहे.

२०१५-१६ साली आपल्या देशात बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी झाली. तीत उत्तर प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. तेव्हा या पाहणीत आम्ही आलो तर झाशीकर म्हणूनच येऊ. त्या वेळी नैराश्याने ग्रस्त असलेल्यांचे प्रमाण शंभरी पावणेतीनच्या आसपास निघाले, आणि त्यांपैकी शंभरी ऐंशींहून अधिकांस कोणताही उपचार मिळत नव्हता. पावणेतीन हा आकडा वाचून आम्ही आमच्या कचेरीतील टेबले मोजली.

मोजण्याची फारशी गरज नव्हती. छत्रीपाशी ‘संग्रहणीने’ म्हणणारे ते सद्गृहस्थ आमच्या समोरच्या टेबलावर बसतात. घर सातारा जिल्ह्यात. पत्नी आणि मुले तेथेच, मुलांच्या शाळेपायी. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या रजेचे चार अर्ज आमच्या हातून गेले. पहिल्यास जोडलेल्या दाखल्यावर पित्तप्रकोप, दुसऱ्यावर कंबरदुखी, तिसऱ्यावर विषाणुजन्य ताप. दाखले खोटे नव्हते. कंबर दुखतच होती. वरिष्ठांनी त्यांच्याविषयी ‘कामात सुस्त’ असे मत नोंदविले, तेही एका अर्थी खरेच होते. बडे बाबूंचे निदान ‘घर की याद’. कँटीनमधल्या पोऱ्याचे निदान ‘साहब को नजर लगी है’. आम्हीही एकदा चारचौघांसारखा उपदेश केला होता, की सकाळी किल्ल्यापर्यंत फिरावयास जात चला. आज त्याची लाज वाटते. त्या दिवसांत त्या गृहस्थास खाटेवरून उठून चूळ भरणे हाच किल्ला चढण्याइतका व्याप होता, हे त्यांनीच पुढे सांगितले.

चौथ्या दाखल्यावर खरे नाव आले. येथील एका समंजस डॉक्टराने ते लिहिण्यापूर्वी त्यांस दोनदा विचारले म्हणे, ‘लिख दूँ? दफ्तर में दिक्कत तो नहीं होगी?’ त्यांनी रात्रभर विचार केला आणि ‘लिहा’ म्हणून सांगितले. तो कागद आमच्या टेबलावर आला तेव्हा आमचाही हात क्षणभर थबकला. आपण हा शब्द वाचला हे समोरच्या टेबलास कळू नये असे वाटले. मग रजेच्या हिशेबाचे पुस्तक उघडले. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवस, शिल्लक किती, एवढेच रकाने आहेत. दुखणे कोणते हे पुस्तक विचारीत नाही. आम्ही तारखा भरल्या आणि मंजुरीकरिता कागद पुढे पाठविला.

औषध सुरू होऊन आता पाच महिने झाले आहेत. मध्ये एकदा औषध बदलावे लागले; पहिले मानवले नाही. परवा ते आमच्याकडे जेवावयास आले होते. आम्ही या लेखाची टाचणे काढीत बसलो होतो, ती त्यांनी चाळून पाहिली, दत्तविधानाच्या तारखा वाचल्या, एलिस आणि मार्टिन यांची नावे वाचली, आणि विचारले, ‘गंगाधररावांना शेवटी शेवटी झोप लागत होती का हो?’

आम्ही म्हणालो, त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही.